श्रावण वद्य अष्टमीचे ज्ञानेश्वरी पारायण, २०२५: व्यवस्थेच्या नोंदी

१३ जुलै, रविवार

तारखा पक्क्या. वाचन शनिवार ९ ऑगस्ट (राखीपौर्णिमा) ते शुक्रवार १५ ऑगस्ट (श्रावण वद्य अष्टमी), काला शनिवारी १६ तारखेला. अष्टमीला सांगता यावी म्हणून उलटे मोजत सुरुवात काढली. ज्ञानेश्वर महाराजांचा जन्म शके ११९७, म्हणजे इ.स. १२७५, याच तिथीचा मानतात. यंदा ७५० वर्षे होतात, त्यामुळे वाचक नेहमीपेक्षा जास्त येतील. ६० धरून चालू.

हा अखंड हरिनाम सप्ताह नाही. वीणेचा पहारा, रात्रीचा जागर, रोजचे कीर्तन यातले काही नाही. सकाळी वाचन, संध्याकाळी हरिपाठ, अष्टमीच्या रात्री कृष्णजन्म आणि दुसऱ्या दिवशी काला, बस्स. सोसायटीच्या हॉलमध्ये एवढेच नीट होते. दरवर्षी कोणीतरी काकड्यापासून शेजारतीपर्यंत सगळे सुचवतो आणि तिसऱ्या दिवशी वाचायला बारा माणसे उरतात.

हॉलसाठी कमिटीला अर्ज ८ ते १७ ऑगस्टचा दिला. मांडणीचा एक दिवस आणि आवरायचा एक दिवस त्यात धरला आहे. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, म्हणजे गणपतीवाल्यांना हॉल त्यानंतर लगेच लागणार.

१४ जुलै, सोमवार

वाचनाची वाटणी. सगळ्यात महत्त्वाचे काम हेच, आणि नेमके हेच लोक शेवटी करतात. अठरा अध्याय भागिले सात दिवस असा हिशेब उपयोगाचा नाही. पाचव्या अध्यायात १८० ओव्या आहेत आणि अठराव्यात १,८१०. मोजायच्या त्या ओव्या.

आपल्या प्रतीप्रमाणे ओव्या, अध्याय १ ते १८ क्रमाने: २७५, ३७५, २७६, २२५, १८०, ४९७, २१०, २७१, ५३५, ३३५, ७०८, २४७, १,१७०, ४१५, ५९९, ४७३, ४३३, १,८१०. बेरीज ९,०३४. छापील प्रतींत एखाद-दुसऱ्या ओवीचा फरक असतो, ९,०३३ हा आकडाही बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्यावरून वाद घालू नये.

ठरलेली वाटणी:

शनि ९: अध्याय १ ते ५ (१,३३१)
रवि १०: ६ ते ९ (१,५१३)
सोम ११: १० ते १२ (१,२९०)
मंगळ १२: १३ (१,१७०)
बुध १३: १४ ते १६ (१,४८७)
गुरु १४: १७ पूर्ण आणि १८ चा पहिला अर्धा भाग (सुमारे १,३३०)
शुक्र १५: १८ चा उरलेला भाग (सुमारे ९१०)

सगळ्यात मोठा भाग रविवारी टाकला आहे, सुट्टी असते म्हणून. सर्वांत लहान भाग १५ ऑगस्टला, कारण नऊ वाजता खाली ध्वजवंदन आहे. अठरावा अध्याय फोडायला काहींची हरकत असते. पण सतरा आणि अठरा एकाच दिवशी घेतले तर २,२४३ ओव्या होतात, म्हणजे नुसत्या वाचनाला सव्वापाच तास. मग शेवटच्या दोन तासांत वाचन राहत नाही, पुटपुटणे उरते. फोडायचे ते एखाद्या श्लोकावरचे निरूपण संपते तिथे. निरूपणाच्या मधे थांबले की दुसऱ्या दिवशी दृष्टांत अर्ध्यातून सुरू होतो आणि कोणाला काही लागत नाही. प्रत्येक प्रतीत त्या जागी कागदाची चिठ्ठी घालायची.

१६ जुलै, बुधवार

गीतेचे श्लोक म्हणायचे की नाहीत, हे आधीच ठरवायला हवे. सातशे श्लोक आहेत. एका श्लोकाला ११ सेकंद धरले तर सातही दिवस मिळून दोन तासांच्या वर जातात. पहिल्याच दिवशी पाच अध्यायांचे २३३ श्लोक येतात, म्हणजे ४३ मिनिटे जास्त. गेल्या काही वर्षांत पहिला दिवस लांबण्याचे कारण हेच होते, वाचक उशिरा येणे नव्हे.

निर्णय: श्लोक व्यासपीठचालक (पुढे बसून वाचन चालवणारे) एकटे म्हणतील, बाकीचे फक्त ओव्या. वेळ वाचत नाही, पण घशाला तेवढी उसंत मिळते आणि पाने शोधणाऱ्यांना जागेवर यायला संधी होते.

२० जुलै, रविवार

गतीचा सराव, बारावा अध्याय. २४७ ओव्यांचा असल्याने घड्याळ लावून तपासायला सोयीचा.

मिनिटाला नऊ ओव्या या वेगाने दहा मिनिटांत अर्धे वाचक गप्प होतात. पाचने वाचले तर अर्थ लागतो, पण सातव्या दिवशी ग्रंथ संपत नाही. सात ही बसणारी गती. सातने सगळ्या ओव्यांना साडेएकवीस तास, श्लोक धरून साडेतेवीसच्या थोडे वर.

गती बिघडते ती ठरावीक जागी. ओवीचे पहिले तीन चरण यमकाचे आणि जवळपास सारख्या लांबीचे असतात, चौथा आखूड. तो संपला की सराईत वाचक थेट पुढच्या ओवीत उडी मारतात आणि नवे मागे राहतात. उपाय एकच: चौथ्या चरणानंतर चालकाने ऐकू येईल असा श्वास घ्यायचा. तो श्वास ऐकू आला की सगळे थांबतात. टाळाचा ठोका देऊन गती धरायचा प्रयोग करू नये, त्याने ओवीला अभंगाची चाल लागते.

जैसें, तैसें, आतां यांवरचे अनुस्वार नव्या वाचकांनी नाकात म्हणू नयेत. जुन्या लेखनाची ती खूण आहे, तिथे उच्चार आजच्यासारखाच करावा.

पखवाजी आणि बरेच टाळकरी परतवारीत (पंढरपूरहून परतीच्या वाटेवर) आहेत. त्यामुळे वाद्यांचे काम एकादशीनंतर.

२२ जुलै, मंगळवार

पखवाज पाहिला. शाईच्या पुडीचा (काळी शाई लावलेल्या लहान तोंडावरच्या चामड्याचा) स्वर उतरला आहे. हा दोष नाही, पावसाळा आहे. चामडे दमट हवेत ओलावा घेते, सैल पडते आणि स्वर खाली येतो. म्हणून आत्ताच पेटीच्या काळी एक स्वराला पूर्ण मिळवून ठेवण्यात अर्थ नाही, बसायच्या दिवशी पुन्हा उतरणार. आज फक्त शाईला भेग नाही ना, वाद्या (ताणाच्या चामडी पट्ट्या) कुठे झिजल्या नाहीत ना, एवढे तपासले. धुमाच्या (खर्ज आवाजाच्या मोठ्या तोंडाच्या) बाजूची एक वादी गठ्ठ्याखाली (वाद्यांखालच्या लाकडी ठोकळ्याखाली) घासून निम्मी झाली आहे. ती कारागिराकडून बदलून घ्यायची. ती ऐन हरिपाठात तुटली की सगळा ताण एका अंगाला जातो आणि पुडी वाकडी बसते.

स्वर चढवण्यासाठी पखवाज उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवायची सवय काहींना आहे. चामडे तात्पुरते ताणते, पण शाई कोरडी पडून तिचे कण सुटू लागतात आणि मग पुडीच बदलावी लागते. पंख्याच्या वाऱ्यात तासभर ठेवावा, मग हातोडीने गठ्ठे शाईपासून दूर सारावेत आणि शेवटचा बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) हलके ठोके देऊन काढावा. ठोके समोरासमोरच्या घरांवर (गजऱ्याच्या दोन वाद्यांमधल्या भागांवर) आलटून पालटून द्यायचे, ओळीने नाही.

धुमाची कणीक: गव्हाचे पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. तेल-मिठाची पोळ्यांची कणीक लावली तर तेल चामड्यात उतरते. मूठभर पुरते. जास्त लावली की धूम बसकी बोलते, कमी लावली की ठणठणते. कणीक घट्ट असली तर वाजवताना गळून पडते, सैल असली तर चामडे भिजते. भजन संपताच लाकडी सुरीने काढायची. रात्रभर राहिली की वाळून चामड्याची साल घेऊन निघते, शिवाय झुरळे आणि उंदीर येतात.

टाळ: दोऱ्या सगळ्या बदलायच्या. नायलॉनची दोरी टिकते, पण बोटाला कापते आणि गाठ सरकते. सुती, वेणीची, साधारण पाच मिलीमीटर जाडीची घ्यावी. दोरी तुटते ती गाठीत नाही, टाळाच्या भोकाच्या धारेवर. म्हणून नवी ओवण्याआधी भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने आतून फिरवून बोथट केली. एक जोडी चिरलेली आहे, आवाज फुटका येतो. काशाला डाग देऊन तो पहिल्यासारखा बोलत नाही. ती मोडीत देऊन नवी घ्यावी, आळंदीच्या फेरीत काम होईल. जोडीतले दोन्ही टाळ एकमेकांवर वाजवूनच घ्यायचे, वजनावरून नाही.

पेटीच्या दोन पट्ट्या अडकतात. लाकूड फुगले आहे. वर्षभर बंद खोक्यात राहिली की असे होते. रोज पाच मिनिटे वाजवणे हा त्यावरचा खरा उपाय.

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावस्या

दिवे घासायचा दिवस, म्हणून हॉलची समई आणि निरांजने आजच काढली. चिंच आणि मीठ, मग राखेचा कोरडा हात.

नंदादीप सात दिवस राहणार. बारीक वातीला दिवसाला १५० मिलीलीटर तिळाचे तेल धरले तर सात दिवसांचे लिटरभर होते. सांडणे, वात मोठी होणे धरून दीड लिटर आणायचे. दिवा विझतो तो तेल संपून क्वचितच. एकतर वातीवर काजळीचे बोंड साचते आणि ती तेल ओढत नाही, नाहीतर पंख्याचा झोत लागतो. काच लावायची. दर सहा तासांनी चिमट्याने बोंड झाडायचे. रात्रीच्या पाळीत दोन नावे लिहून ठेवायची, एकाला झोप लागतेच. काजळी काढण्यापूर्वी त्याच ज्योतीवर दुसरे निरांजन लावून शेजारी ठेवावे.

२७ जुलै, रविवार

ग्रंथांच्या प्रती मोजल्या. मूळ संहितेच्या ३४, सार्थ १९, काही घरच्या. सगळ्यांची छपाई वेगळी आहे. सार्थ प्रतीत ओवीखाली अर्थ असल्याने पाने लवकर संपतात, आणि पृष्ठक्रमांक सांगितला तर अर्धा हॉल चुकीच्या पानावर जातो. घोषणा कायम अध्याय आणि ओवीच्या आकड्याने. वि. का. राजवाडे यांच्या संहितेची एक प्रत कोणीतरी आणतो. तिच्यात ओव्यांची संख्या आणि पाठ दोन्ही वेगळे आहेत. ती अभ्यासाला उत्तम, सामूहिक वाचनाला नको. आपल्या सगळ्या प्रती साखरे महाराजांच्या परंपरेच्या आहेत, त्याच ठेवायच्या.

मोबाईलवर वाचणाऱ्यांना मनाई नाही, डोळ्यांना मोठे अक्षर लागते हे खरे कारण आहे. मात्र वाचताना फोन आला की पडदा बदलतो आणि ओवी हरवते, तेव्हा फ्लाइट मोडवर ठेवायला सांगायचे.

ज्यांना साडेआठला कामावर निघायचे आहे त्यांच्यासाठी दाराशी फळा: सव्वाआठला वाचन कितव्या ओवीवर होते आणि आजची शेवटची ओवी कोणती. उरलेल्या ओव्या घरी वाचून दुसऱ्या दिवशी यायचे. हा फळा लावला की पारायण मोडल्याची खंत राहत नाही आणि गळतीही कमी होते.

३० जुलै, बुधवार

पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज. सोबत सोसायटीचे पत्र, तारखा, रोजची वेळ, जबाबदार दोघांची नावे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा. त्यावरून वेळापत्रक आपोआप ठरते: ग्रंथपूजन पहाटे साडेपाचला माइकशिवाय, वाचन सहाला माइकवर. अष्टमीच्या रात्री दहाला माइक बंद, पुढचे दोन तास टाळ आणि गळा.

२ ऑगस्ट, शनिवार

मार्केट यार्डात भुसार: साबुदाणा ४ किलो, शेंगदाणे ३, रवा ४, साखर १२, सुके खोबरे २, गूळ ५, जाड पोहे ५, आंबेमोहोर ३. तांदूळ आणि डाळ काल्याच्या दिवशीचा आचारी आणतो.

साबुदाणा घेताना नायलॉनचा नाही हे विचारून घ्यावे. तो तळून चिवड्याला चांगला, खिचडीला भिजत नाही. ज्वारीच्या लाह्या आत्ता घेऊ नयेत, श्रावणात डब्यातसुद्धा मऊ पडतात.

तुळशीबागेतून बुक्का, अष्टगंध, गोपीचंदन, फुलवाती, पाळण्यासाठी झालर. फ्लेक्स छापायचा आग्रह झाला होता. नको. सूचनाफलकावर खडूने लिहिलेले लोक वाचतात.

५ ऑगस्ट, मंगळवार. एकादशी

हरिपाठाला सगळे बसले, तेव्हा ध्वनीची चाचणी तिथेच उरकली. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग टाळावर ३५ मिनिटांत होतात.

स्पीकरमध्ये घुं येत होती. पेटीचा माइक एका बोर्डावर आणि मिक्सर भिंतीच्या दुसऱ्या बोर्डावर होता, दोन्हीकडचे अर्थिंग वेगळे. सगळे एकाच एक्स्टेन्शनवर घेतल्यावर गेली. शिट्टी वाजते ती वेगळ्या कारणाने: कॉलम स्पीकर चालकाच्या मागे उभे केले की त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. स्पीकर चालकाच्या पुढे, वाचकांकडे तोंड करून. वाचनाला माइक फक्त एक, चालकाचा. वाचकांत माइक फिरवला की जो खणखणीत वाचतो त्याचा वेग सगळ्यांवर बसतो. आवाज किती? मागच्या खुर्चीला ओवी कळावी आणि गेटवर नुसती गुणगुण पोचावी.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मांडणी. सतरंज्यांवर चार ओळी, मधे दीड हात वाट. मागे १८ खुर्च्या, दर दोन खुर्च्यांना पुढे एक टेबल, कारण मांडीवर ग्रंथ धरून तीन तास मान वाकत नाही. खाली बसणाऱ्यांना घडीचे लाकडी स्टँड. स्टँड कमी पडले तर पाटावर उशी. ग्रंथ जमिनीला टेकू नये हे सगळे पाळतात, पण स्टँडची उंची कोणी पाहत नाही. पुस्तकाची वरची कड छातीपाशी यायला हवी.

व्यासपीठ पूर्वेला तोंड करून, नंदादीप उजव्या हाताला, पंख्याखाली नाही. चपला जिन्यात नको, बाहेर पावसात भिजतात म्हणून आत फळकुटावर.

९ ऑगस्ट, शनिवार

अध्याय १ ते ५. साडेपाचला पूजन, सहाला पहिली ओवी, मधे एक चहा. संपायला सव्वादहा.

चहा, साठ जणांना: दूध ३ लिटर, पाणी साडेतीन, साखर ६०० ग्रॅम, पत्ती १५० ग्रॅम, आले. आले दुधानंतर घालावे, आधी घातले की कधी कधी दूध फाटते. चहा जागेवर देऊ नये. ग्रंथाजवळ कप नको आणि उठले की पाय मोकळे होतात.

राखीपौर्णिमा, म्हणून नैवेद्य नारळीभात. तांदूळ ३ किलो, गूळ पावणेतीन, नारळ १०, तूप अर्धा किलो, लवंगा, वेलची, जायफळ. भात पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही. गूळ पडला की दाणा शिजायचा थांबतो, मग कितीही वाफ द्या, तो टोचरा राहतो. भात परातीत मोकळा करून निववून मग गुळाच्या पाकात घातला तर शिते मोडत नाहीत.

दुपारी ओवाळायला माहेरी जाणाऱ्या बऱ्याच होत्या, संध्याकाळी हरिपाठाला निम्मी उपस्थिती. अपेक्षितच.

१० ऑगस्ट, रविवार

६ ते ९, सर्वांत लांब बैठक. सहाव्याच्या योगाच्या ओव्या संथ जातात आणि नवव्यात लोक थकलेले असतात, म्हणून चहा सातव्या अध्यायाच्या शेवटी ठेवला. प्रसाद फुटाणे आणि खडीसाखर.

११ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. उपास संध्याकाळी सुटतो, तेव्हा सकाळी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू. अकराव्या अध्यायात ५५ श्लोक, त्यांत मोठ्या वृत्ताचे बरेच. चालकाला पाणी मधूनमधून, कोमट. विश्वरूपाच्या वर्णनात आवाज चढवायचा मोह होतो आणि पुढच्या दोन दिवसांचा गळा तिथेच संपतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी

चंद्रोदय रात्री नऊनंतर, म्हणजे उपासकरी दिवसभराचे. आज खिचडी.

साठ जणांना प्रसादाच्या मापाने: साबुदाणा ३ किलो, दाण्याचे कूट सव्वा किलो, बटाटे २ किलो, तूप अर्धा किलो, मिरच्या पाव किलो, जिरे, मीठ, साखर, लिंबे. हळद-मोहरी नाही. साबुदाणा रात्री दोन पाण्यांत धुतला, मग दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने पाणी ठेवले. जास्त पाणी राहिले की सकाळी लगदा. दाणा दोन बोटांत पूर्ण चिरडला गेला पाहिजे, मधे खडा लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास आणखी.

एकाच कढईत तीन किलो घालू नये, खालचा चिकटतो आणि वरचा कच्चा राहतो. एकेक किलोचे घाणे. कूट साबुदाण्याला आधीच चोळून ठेवावे, दाणे एकमेकांपासून सुटे राहतात. पारदर्शक झाला की उतरवायचा. गरम डब्याचे झाकण थोडे कलते ठेवावे, नाहीतर वाफेचे पाणी पडून गोळा होतो.

तेरावा अध्याय. ज्ञानाच्या लक्षणांच्या ओव्या लांबच लांब, एकच विषय, त्यामुळे ओळ चुकण्याचे प्रमाण आज सर्वाधिक. चालकाने दर शंभर ओव्यांना आकडा सांगितला, ते बरे पडले.

१३ ऑगस्ट, बुधवार

१४ ते १६. प्रसाद शिरा, सव्वाच्या मापाने: रवा, साखर, तूप सव्वा-सव्वा किलो, दूध-पाणी मिळून पावणेचार लिटर, केळी. तूप अर्धे भाजताना, अर्धे शेवटी.

पेढे फार जमले. देणाऱ्यांना नाही म्हणता येत नाही, पण उद्यापासून शिधा आणा असे फळ्यावर लिहिले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वाचनानंतर बाजार. उद्या सुट्टी, परवा दहीहंडी, मध्यवस्तीतले रस्ते बंद राहतात, म्हणून सगळे आजच: लाह्या दीड किलो (हवाबंद पिशवीत), काकड्या ४ किलो, डाळिंबे, झेंडू, तुळशीचे हार, मातीची हंडी, विरजण. झेंडूचा भाव १५ ऑगस्टमुळे आधीच चढलेला.

सुंठवडा आज करून ठेवला: सुके खोबरे किसून मंद भाजून १ किलो, पिठीसाखर पाऊण किलो, सुंठपूड १०० ग्रॅम, खारीकपूड, भाजलेली खसखस, बडीशेप, वेलची. खोबरे पूर्ण निवल्यावरच साखर, नाहीतर ओलसर गोळे होतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अठराव्याचा उरलेला भाग सहाला सुरू. पसायदानाच्या नऊ ओव्या झाल्या की लोक हात जोडून ग्रंथ मिटतात. तिथे अध्याय संपत नाही. त्यापुढे नेवाशाचा, गोदातीराचा उल्लेख आणि शके १२१२ चा काळ सांगणाऱ्या ओव्या आहेत, त्या वाचूनच सांगता. चालकाने आधीच सांगून ठेवले होते. आरती पावणेनऊला, नऊला सगळे ध्वजवंदनाला खाली. तिथला ध्वनिक्षेपक आपलाच नेला, म्हणून जास्तीची वायर काल बाजूला काढून ठेवली होती.

सकाळी उपासाचे दाण्याचे लाडू. रात्री जन्म. दहाला माइक बंद. माइक नसला की कीर्तनकाराला लोक जवळ हवे असतात, म्हणून खुर्च्या पुढे ओढल्या आणि मागचे दिवे मालवले. पाळण्याची दोरी छताच्या हुकाला, दोन गाठींनी. बारा वाजता पुष्पवृष्टीसाठी फक्त पाकळ्या. देठाची फुले फेकली की निरांजनावर पडतात.

जन्माच्या आधी, रात्री दहाला, ७ लिटर दुधाला विरजण लावले. या हवेत रात्रभरात लागते.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल्याचे कीर्तन १० ते १२. काला, दीडशे जणांना: पोहे ४ किलो, लाह्या दीड, दही ७, काकडी ४, डाळिंबाचे दाणे, भिजवलेली हरभरा डाळ अर्धा किलो, मिरची-आले वाटून, लिंबाचे गोड लोणचे पाव किलो. क्रम महत्त्वाचा. पोहे धुऊन वीस मिनिटे निथळत ठेवायचे, मग दही, मग डाळ-डाळिंब-लोणचे. काकडी आणि मीठ हंडी फुटण्याच्या दहा मिनिटे आधी, कारण मीठ लागले की काकडी पाणी सोडते. लाह्या सगळ्यात शेवटी, वाढताना. हंडीत थोडाच काला भरावा, बाकीचा पातेल्यात. फुटल्यावर खापऱ्या काल्यात येतात, म्हणून हंडीतला वेगळा काढून तो मुलांच्या हाती द्यायचा नाही.

महाप्रसाद बिनकांदा-लसूण: वरणभात, मटकीची उसळ, पोळी, शिरा. तांदूळ १२ किलो, तूरडाळ ५. काला भरपेट झालेला असतो, त्यामुळे दीडशे पानांना यापेक्षा जास्त लागत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

भाड्याची भांडी मोजून परत. झारे दरवेळी कमी भरतात, आचाऱ्याच्या पिशवीत आधी पाहावे.

ग्रंथ एकेक उघडून पंख्याखाली तासभर, मग सुती कापडात. उन्हात नको, कागद पिवळा पडतो. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला, डांबरगोळी नको, तिचा वास पुढच्या वर्षीपर्यंत जात नाही. पखवाजाची कणीक निघाली आहे का ते पुन्हा पाहून, वाद्या थोड्या सैल करून खोळ घातली. निर्माल्य सोसायटीच्या खतखड्ड्यात, दोरे काढून.

तेल पाव लिटर उरले, साबुदाणा एक किलो. दोन्ही आषाढीपर्यंत टिकणार नाहीत, वाटून टाकले.

पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे श्रावण पुढे जातो. वद्य अष्टमी शुक्रवार ४ सप्टेंबर २०२६. वाचन शनिवार २९ ऑगस्टपासून, म्हणजे वार हेच आणि ओव्यांची वाटणी हीच चालेल. राखीपौर्णिमा आदल्या दिवशी येते, पहिल्या संध्याकाळची गळती होणार नाही. १५ ऑगस्ट मधे येत नाही, तेव्हा शेवटच्या दिवशी ध्वजवंदनाची घाई नाही, पण तो कामाचा शुक्रवार आहे. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. काल्यानंतर नऊच दिवस राहतात, म्हणून हॉलचा अर्ज गणपतीवाल्यांशी बोलून जूनमध्येच द्यायचा.